मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एकच, मग तास वेगवेगळे का?

पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते आणि त्यांच्या पत्नी येत्या जानेवारीत प्रथमच मुलाकडे न्यू जर्सीला निघाले आहेत. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर त्यांना एके ठिकाणी १२,५४०, दुसरीकडे ७,७९० आणि तिसरीकडे ६,७७० असे आढळले. तिकिटावर जाण्याचा वेळ सुमारे १६ तास आणि परतीचा साडेचौदा तास छापलेला आहे. शिवाय एका नकाशावर विमानाची रेषा सरळ पश्चिमेला न जाता थेट आइसलंडपर्यंत चढून मग खाली उतरलेली दिसते. यातले खरे काय मानायचे आणि मुलाने विमानतळावर नेमके केव्हा यायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सत्तावीस वर्षे एका विमान कंपनीच्या उड्डाण-नियोजन कक्षात काम केले. विमान सुटण्यापूर्वी त्याचा मार्ग, उंची आणि इंधन ठरवून वैमानिकांच्या हाती कागद देणे, हे आमचे काम. आपल्यासारखे प्रश्न मला घरच्या लग्नकार्यांतही अनेकदा विचारले गेले आहेत, आणि तिथे जेवणाच्या पंगतीत सविस्तर उत्तर देता येत नाही, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. आपण पाहिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त त्यांची एकके वेगळी आहेत. १२,५४० हे किलोमीटर, ७,७९० हे अमेरिकेत आणि पूर्वी आपल्याकडे रस्त्यावर वापरले जाणारे मैल, आणि ६,७७० हे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर, तर साधा मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत, वेग नॉटमध्ये म्हणजे तासाला सागरी मैलांत, उंची फुटांत आणि इंधन किलो किंवा टनांत मोजतात, त्यामुळे एकाच कागदावर चार प्रकारची मापे नांदत असतात. सागरी मैल टिकून राहिला त्याला कारण आहे. पृथ्वीच्या मध्याशी अंशाचा साठावा भाग जेवढा कोन होतो, तेवढ्या कोनाचे पृष्ठभागावरचे अंतर म्हणजे साधारण एक सागरी मैल. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये हा कोन जवळपास ११२.७ अंशांचा आहे. त्याला ६० ने गुणले की ६,७६० च्या आसपासचा आकडा हातात येतो. गणिताच्या शिक्षकांना हे सांगायला नको.

६,७६० आणि ६,७७० यांतला दहाचा फरकही निष्काळजीपणाचा नाही. पृथ्वी पूर्ण गोल मानून हिशेब केला तर एक उत्तर येते आणि तिचा ध्रुवांपाशी चपटेपणा धरला तर थोडे वेगळे. विषुववृत्तावर पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवांवर ६,३५७, म्हणजे एकवीस किलोमीटरचा फरक आहे. त्यातच एखाद्याने अंतर विमानतळापासून मोजलेले असते, तर दुसऱ्याने शहराच्या मध्यापासून. हे दहा-वीस किलोमीटर म्हणजे विमानाची फार तर एक-दीड मिनिटे, त्यामुळे त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

आता ती आइसलंडकडे चढणारी रेषा. शाळेत पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी बोटे ठेवून मध्ये एक दोरा घट्ट ताणून पाहावा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो आणि तिथेच स्थिर होतो. तोच सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला महावर्तुळाचा मार्ग म्हणतात. भिंतीवरच्या नकाशात गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरलेली असते आणि उत्तरेकडचे प्रदेश त्यात फुगवलेले असतात. मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. अशा नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेषा ओढून कोणी विमान त्याच रेषेवरून नेले, तर ते १४,२०० किलोमीटर उडेल, म्हणजे महावर्तुळापेक्षा साडेसोळाशे किलोमीटर जास्त. नकाशावरची सरळ रेषा इथे लांबचा रस्ता ठरते.

महावर्तुळ नेमके कुठून जाते, हे मला पहिल्यांदा हाताने मांडून पाहायला सांगितले होते, आणि त्या दिवशी मी चकित झालो होतो. मुंबईहून निघताना ते पश्चिमेला मुळी तोंडच करत नाही. उत्तरेपासून अवघे २७ अंश पश्चिमेकडे झुकून ते सिंध प्रांतात शिरते. तिथून अफगाणिस्तानातल्या हेरातजवळून, कॅस्पियन आणि अरल या दोन समुद्रांच्या मधून, जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून, फिनलंडच्या आखातावरून, नॉर्वेच्या ट्रॉनहाइमजवळून आणि रेक्याविकच्या आसपासून ते ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून जाते. मग लॅब्राडोर, मग अमेरिकेतले मेन राज्य, आणि शेवटी ईशान्येकडून न्यूयॉर्क. मार्गातला सर्वांत उत्तरेकडचा बिंदू साधारण ६४.७ अंश उत्तर अक्षांशावर, आइसलंडच्या पूर्वेला समुद्रात आहे. मुंबई १९ अंशांवर आणि न्यूयॉर्क साडेचाळीस अंशांवर असताना वाटेत आपण आर्क्टिक वर्तुळापासून अवघ्या दोन अंशांवर पोहोचतो, हे सपाट नकाशा पाहून कोणाच्या ध्यानात येणार नाही.

मात्र हा मार्ग भूमितीने काढलेला आहे, आणि भूमितीला सरहद्दी ठाऊक नसतात. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस, बालाकोटनंतर, आपली हवाई हद्द बंद केली ती जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण उघडली नाही. त्या काळात भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला केवळ इंधन भरण्यासाठी उतरावे लागत होते. पुढे २४ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या हल्ल्यानंतरच्या तणावात पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हद्द पुन्हा बंद केली आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवत नेली. रशियाची गोष्ट निराळी. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईनासे झाले, भारतीय कंपन्यांना मात्र ती वाट खुली राहिली. म्हणजे त्याच दोन शहरांमधले अंतर कोणत्या देशाच्या कंपनीचे तिकीट काढले यावरही ठरते.

पाकिस्तान टाळायचे झाले तर मुंबईच्या विमानाला किती फटका बसतो, याचा हिशेब करून पाहू. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून मस्कत, तिथून इस्तंबूल आणि तिथून न्यूयॉर्क अशी तीन महावर्तुळे जोडली तर बेरीज सुमारे १२,९७० किलोमीटर होते. मूळ अंतरापेक्षा हे सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर अधिक, म्हणजे अर्धा तास. प्रत्यक्षात हवाई मार्गांना आणखी वळणे असतात, त्यामुळे आकडा तेरा हजारांच्या पुढे जातो, पण तरीही मुंबई या बाबतीत सुदैवी आहे, कारण तिच्या पश्चिमेला मोकळा समुद्र आहे. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत दक्षिणेकडे खाली उतरून मग पश्चिमेला वळावे लागते, त्यामुळे तिथला फटका बराच मोठा.

इथपर्यंत जमिनीवरचे अंतर झाले. माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे, कारण विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जाते, आणि ती हवा स्वतः वाहत असते. नदीतल्या होडीचे उदाहरण घ्यावे. होडी वल्हवणाऱ्याला पाण्यातला वेग ठाऊक असतो, काठावर उभ्या असलेल्याला मात्र पाण्याचा वेग मिळवून किंवा वजा करून दिसणारा वेग दिसतो. विमानाचा हवेतला वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८४ ते ०.८५ पट असतो. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीचा वेगच तासाला १,०६० किलोमीटरच्या जवळ असतो, म्हणून विमानाचा वेग साधारण ९०० किलोमीटर पडतो. जाताना आणि येताना हा वेग सारखाच असतो. बदलतो तो जमिनीच्या संदर्भातला वेग, कारण मध्य अक्षांशांवर त्या उंचीला वर्षभर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात, आणि त्यांच्यातले जोरदार पट्टे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तासाला दोनशे-अडीचशे किलोमीटरचा आणि कधी त्याहूनही अधिक वेग गाठतात.

एक हिशेब मांडतो. यात सोयीसाठी आकडे गोल केले आहेत. समजा दोन्ही दिशांनी मार्ग १३,००० किलोमीटरचा आहे आणि संपूर्ण मार्गावर सरासरी ६० किलोमीटरचा वारा आहे. वारा नसता तर विमानाला १४ तास २७ मिनिटे लागली असती. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीवरचा वेग ८४० आणि वेळ १५ तास २९ मिनिटे. येताना वारा पाठीशी, म्हणून वेग ९६० आणि वेळ १३ तास ३२ मिनिटे. इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. वाऱ्याने जाताना ६२ मिनिटे हिरावली आणि येताना ५५ मिनिटेच परत दिली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, आणि पाठीमागच्या वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो, म्हणून हा व्यवहार कधीच बरोबरीत सुटत नाही. आमच्या कक्षात याच गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत असत: विमानाने किती हवा कापली? वरच्या उदाहरणात जाताना १३,९३० किलोमीटर हवा कापावी लागली आणि येताना १२,१९०. जमिनीवरचे अंतर तेच, पण हवेतले अंतर सुमारे १,७४० किलोमीटरने वेगळे. इंधन या हवेतल्या अंतराला लागते. त्यामुळे नियोजन करणारा माणूस जमिनीवरच्या अंतराला फारसा भाव देत नाही.

याच कारणाने महावर्तुळ हा सर्वांत जवळचा मार्ग असला तरी तो सर्वांत लवकरचा असतोच असे नाही. परतताना दोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन जेट स्ट्रीममध्ये शिरता आले तर आम्ही तो वळसा आनंदाने घेत असू, आणि जाताना त्याच पट्ट्याला शक्य तितका टाळून उत्तरेकडून वाट काढत असू. जाताना विमान आइसलंडकडे आणि येताना त्यामानाने दक्षिणेकडून, असे चित्र दिसण्याचे मोठे कारण हेच आहे. वारे रोज बदलतात, म्हणून मार्गही रोज नव्याने ठरतो. मी सलग दोन दिवस तोच मार्ग दिल्याचे क्वचित घडले असेल.

पाठीमागचा वारा किती साथ देऊ शकतो, याचे एक नामांकित उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. सिअरा नावाच्या वादळाच्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग तासाला १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेव्हा विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला का, असे मला पुष्कळांनी विचारले. ओलांडला नाही. विमान आपल्या नेहमीच्या वेगानेच हवा कापत होते, हवाच त्याला पुढे घेऊन धावत होती.

एक समजूत इथेच दूर करून टाकतो, कारण ती शिकलेल्या माणसांतही आढळते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे यायला हवे आणि वेळ कमी लागायला हवा, किंवा याच्या नेमके उलट, असे काही जण सांगतात. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरत असते, त्यामुळे तसा थेट लाभही नाही आणि तोटाही नाही. तसे असते तर धावत्या लोकल गाडीत उडी मारणारा माणूस मागच्या डब्यात जाऊन पडला असता. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध एवढाच की विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा त्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून हे पश्चिमेचे वारे तयार होतात.

अटलांटिक महासागरावर आणखी एक अडचण उभी राहते. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या दरम्यान रोज शेकडो विमाने ये-जा करतात. त्यांच्यासाठी वाऱ्यांच्या अंदाजानुसार दिवसातून दोन वेळा समुद्रावर समांतर मार्ग आखले जातात: दिवसा पश्चिमेकडे जाणारे आणि रात्री पूर्वेकडे येणारे. युरोपातून सकाळी निघालेल्या विमानाला दिवसाचा प्रवाह सोयीचा पडतो. पण मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेले विमान अटलांटिकच्या मध्याशी ग्रीनिच वेळेनुसार सकाळी साडेसातच्या सुमारास येते, आणि त्या वेळी समोरून अमेरिकेहून युरोपला येणाऱ्या विमानांची अख्खी रांग चाललेली असते. आपल्या विमानाला या रांगेच्या उत्तरेकडून, तिला टाळून जावे लागते. एकेरी रस्त्यावर उलट्या दिशेने निघालेल्या माणसाला गल्लीबोळातून वाट काढावी लागते, तसा हा प्रकार. मुंबईच्या विमानांना अटलांटिकवर कधीकधी उत्तरेचा मोठा वळसा पडतो, त्याचे हेही एक कारण आहे.

विमान जेवढे लांब जायचे तेवढे जड होऊन उडते, आणि जड विमानाला लगेच फार उंच जाता येत नाही. सुरुवातीला ते २९ ते ३१ हजार फुटांवर राहते, इंधन जळत जाते तसे टप्प्याटप्प्याने वर चढत अखेरीस ३७-३९ हजारांवर पोहोचते. बोइंग ७७७-३००ईआर या विमानाचे उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असते आणि त्यात एक लाख ८१ हजार लिटर, म्हणजे जवळपास १४५ टन इंधन मावते. तासाला सात-आठ टन इंधन जळते. म्हणजे वाऱ्यामुळे प्रवास एका तासाने लांबला, तर त्या एका तासासाठी लागणारे इंधन साधारण सत्तर-ऐंशी प्रवाशांच्या सामानासह वजनाइतके असते. शिवाय हे इंधन चौदा-पंधरा तास वाहून नेण्यासाठी वेगळे इंधन जळते. एवढ्या लांबच्या प्रवासात शेवटी एक टन जास्त उरावे असे वाटत असेल, तर निघताना जवळपास दीड टन जास्त भरावे लागते.

एका जानेवारीच्या रात्रीची गोष्ट आठवते. समोरच्या वाऱ्याचा अंदाज संध्याकाळी बदलला, इंधन वाढले, आणि वजनाच्या मर्यादेत बसण्यासाठी माल आणि प्रवाशांच्या काही बॅगा मागे ठेवाव्या लागल्या. त्या दुसऱ्या दिवशीच्या विमानाने गेल्या. त्यावर एका आजोबांचे दोन पानी पत्र आले. त्यांच्या बॅगेत नातीच्या बारशाचे सामान होते, आणि त्यांचा मुद्दा होता की, माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी माझ्या बॅगेला जागा नव्हती, हे कसे? पत्राला कंपनीकडून छापील उत्तर गेले, ते मला आजही खटकते. विमानात जागा असणे आणि विमानाला वजन पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे एक वाक्य त्यांना लिहायला हवे होते. आपणही जानेवारीतच निघत आहात, म्हणून औषधे, कागदपत्रे आणि एक दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

आता तिकिटावर छापलेल्या वेळेकडे येतो. ती केवळ हवेतली वेळ नसते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलले, तिथपासून पलीकडे ते जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा तो काळ असतो, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि विमानांना रांगेत थांबावे लागते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर तर दुपारी-संध्याकाळी धावपट्टीपर्यंत पोहोचायलाच अर्धा-पाऊण तास जातो. वरच्या हिशेबातल्या साडेपंधरा तासांत ही जमिनीवरची सरपट मिळवली की १६ तास होतात, आणि परतीच्या साडेतेरा तासांत मिळवली की साडेचौदाच्या आसपास येतात. शिवाय कंपन्या संपूर्ण हंगामासाठी एकच वेळ छापतात, आणि वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान वेळेवर आले असे धरले जाते, म्हणून छापील वेळेत थोडी सैल गाठ आधीच बांधलेली असते. विमान अर्धा तास लवकर उतरले की वैमानिकांचे कौतुक होते. त्या कौतुकाचा काही भाग वेळापत्रक करणाऱ्यांचा आहे, हे मी विनयाने नमूद करतो.

एक थांबा असलेले तिकीट स्वस्त मिळत होते, पण अंतर वाढेल म्हणून घेतले नाही, असेही आपण लिहिले आहे. अंतराची भीती इथे अनाठायी होती. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५५० किलोमीटर, बेरीज १२,७६०. थेट मार्गापेक्षा फार तर सव्वादोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे गेले तरी बेरीज १३,००० च्या आतच राहते. कारण ही शहरे महावर्तुळापासून फार दूर नाहीत. उलट सिंगापूरमार्गे कोणी न्यूयॉर्कला निघाला, तर १९,००० किलोमीटरच्या वर प्रवास होईल, कारण तो पूर्वेकडे निघून अमेरिकेला जाण्यासाठी पुन्हा अर्धी पृथ्वी ओलांडतो. थांब्याच्या तिकिटात वाढतो तो मधल्या विमानतळावर बसून काढायचा वेळ, आणि दोनदा चढण्या-उतरण्याचा शीण. आपल्या वयाला थेट विमानच बरे, हे मात्र मी आपल्या मुलाशी सहमत होऊन सांगतो.

ही सोय तशी अलीकडची आहे. १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली तेव्हा ती लंडनमार्गे जात असत. मधे न थांबता मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे एअर इंडियाचे विमान १ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाले. त्यासाठी लांब पल्ल्याचे ७७७-२००एलआर हे विमान यावे लागले.

घड्याळाचा गोंधळ टाळण्यासाठी एक साधी रीत सांगतो. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळ्यात चार तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणून दोन शहरांतला फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो. समजा आपले विमान जानेवारीत रात्री दीड वाजता मुंबईहून निघाले. सोळा तासांनी भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. त्यातून साडेदहा तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये त्याच तारखेच्या सकाळचे सात. येताना उलट होते: तिथून सकाळी साडेअकराला निघालेले विमान साडेचौदा तासांनी उतरते तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे साडेबारा झालेले असतात, आणि प्रवाशाला मधली एक रात्र हरवल्यासारखी वाटते. एक सूचना मात्र आवर्जून करतो: मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाच्या तिकिटावरची तारीख नीट वाचावी. १५ तारखेच्या रात्री दीडचे विमान म्हणजे १४ तारखेला रात्रीचे जेवण करून घरून निघायचे. यात चुकून एक दिवस उशिरा विमानतळावर आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

पुण्याहून निघणाऱ्याने एकूण प्रवासाचा हिशेब असा करावा. द्रुतगती मार्गाने मुंबईच्या विमानतळापर्यंत चार-साडेचार तास, घाटात गर्दी असेल तर पाच. विमानतळावर तीन तास आधी. मग सोळा तासांचे विमान. पलीकडे पारपत्र तपासणीसाठी कधी अर्धा तास तर कधी दीड तास. आणि नंतर न्यू जर्सीपर्यंत मोटारीने तासभर किंवा अधिक. एकूण पंचवीस-सव्वीस तास होतात. यात विमानाचा वाटा फक्त सोळा तासांचा आहे, आणि उशीर बहुतेक वेळा उरलेल्या दहा तासांतच होतो. आपले मूल न्यू जर्सीत असेल तर पुढच्या वेळी केनेडीऐवजी न्यूअर्क विमानतळाचे थेट विमान मिळते का ते जरूर पाहावे. हवेतले अंतर जवळपास तेच, पण शेवटी न्यूयॉर्क शहर ओलांडण्याचा त्रास वाचतो.

राहिला मुलाने कधी यायचे हा प्रश्न. छापील वेळेवर त्याने विसंबू नये. विमानाचा माग दाखवणारी ॲप आता कोणाच्याही फोनवर असतात. महासागर संपून विमान लॅब्राडोरच्या किंवा न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आले की न्यूयॉर्क साधारण दोन तासांवर राहिले, असे समजावे. तेव्हा त्याने सकाळचा चहा करावा, पण घरातून निघू नये. विमान उतरल्याचे दिसले की निघावे. आपण दोघे पारपत्राची रांग उरकून, सामान घेऊन बाहेर येईपर्यंत तोही येऊन पोहोचलेला असेल, आणि गाडी उभी करण्याचे शुल्कही त्याला कमी भरावे लागेल.